राक्षसाचा जीव पोपटात : अद्भुतकथा आणि बालवाचकांचे वय

शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडण्याची वेळ आली म्हणजे एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. पऱ्या, राक्षस, बोलणारे पोपट आणि उडते गालिचे यांच्या गोष्टींवर पैसा खर्च करावा काय? चरित्रे, सामान्यज्ञान आणि परीक्षांची पुस्तके उपयोगाची असतात, हे सर्वांना पटते. अद्भुतकथेविषयी मात्र मतभेद होतात. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत या मतभेदाला आणखी एक बाजू आहे. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात भानामती, करणी, चेटूक यांविषयीचे समज दीर्घकाळ रूढ आहेत आणि त्यांपायी निरपराध माणसांचा छळ झालेला आहे. असे समज जेथे अद्याप पुरते ओसरलेले नाहीत, तेथे शाळेनेच मुलांच्या हाती चेटकिणीच्या गोष्टी द्याव्यात हे कितपत योग्य, अशी शंका एखाद्या शिक्षकाने किंवा पंचायत सदस्याने घेतली तर ती गैर म्हणता येणार नाही.

या शंकेचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कारण गोष्टीतील अद्भुताकडे मूल कसे पाहते, हे त्याच्या वयाप्रमाणे बदलत जाते. चार वर्षांचे मूल, आठ वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा एकाच ओट्यावर बसून एकच कथा ऐकत असले, तरी तिघांच्या मनात तीन निरनिराळ्या कथा घडत असतात. हा फरक ध्यानात घेऊन योग्य वयात योग्य कथा दिली, तर ती अंधश्रद्धेला खतपाणी घालीत नाही. उलट, खरे कोणते आणि कल्पिलेले कोणते हे ओळखण्याचे वळण ती मनाला लावते. हा फरक न जाणता पुस्तक दिले, तर मूल एक तर भेदरते किंवा कंटाळते, आणि दोन्ही प्रकारांत वाचनाला मुकते.

कथेची ही भूमी

अद्भुतकथा ही बाहेरून आलेली चैनीची वस्तू आहे, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. ज्या गोदावरीच्या काठी नांदेड वसले आहे, त्याच नदीच्या वरच्या अंगाला पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान आहे. तेथील सातवाहनांच्या राजसभेत गुणाढ्य नावाचा पंडित होता आणि त्याने पैशाची भाषेत 'बृहत्कथा' रचली, असे परंपरा सांगते. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'त या ग्रंथाच्या जन्माची हकिगत आली आहे. सात लाख श्लोकांची ती रचना राजाने तुच्छ मानून परत पाठविली. तेव्हा गुणाढ्याने रानात अग्नी पेटविला आणि एकेक पान वाचून तो ते अग्नीत टाकू लागला. पशुपक्षी चारापाणी विसरून, डोळ्यांत अश्रू आणून ऐकत उभे राहिले. राजाला हे कळून तो धावत आला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख तेवढे वाचले. मूळ 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही. परंतु तिच्या परंपरेतील शेकडो कथा 'कथासरित्सागरा'त आहेत आणि पुढे विक्रम-वेताळ म्हणून घरोघरी गेलेल्या वेताळाच्या पंचवीस कथाही त्यांत आहेत. राजसभेने नाकारलेली कथा श्रोत्यांनी वाचविली, हा या हकिगतीचा अर्थ पुस्तकनिवड करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

लहान मुलांसाठीच्या गोष्टीचे मूळही असेच जुने आहे. मेणाचे घर आणि शेणाचे घर यांची जी गोष्ट आजही अंगणवाडीत सांगितली जाते, ती तेराव्या शतकातील 'लीळाचरित्र' या महानुभाव ग्रंथात आढळते. मुद्रणाचा काळ आला तेव्हा मराठीतील आरंभीच्या छापील पुस्तकांत १८१४ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथे छापलेली 'सिंहासनबत्तिशी' होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस कथा मराठीत आणण्याचे कार्य एकोणिसाव्या शतकातच हाती घेतले. १९०६ मध्ये वा. गो. आपटे यांचे 'आनंद' मासिक निघाले. १९५२ पासून मराठीत 'चांदोबा' येऊ लागला आणि वेताळाची गोष्ट, तिच्या शेवटच्या प्रश्नासह, खेड्यापाड्यांत पोचली. 'चांदोबा' आता प्रसिद्ध होत नाही. परंतु बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेले 'किशोर' मासिक आजही चालू आहे.

ही परंपरा अलीकडेही खंडित झालेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे भरलेल्या ९५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २०२५ चा हाच पुरस्कार नांदेडचे डॉ. सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया' या बालकवितासंग्रहाला मिळाला.

एक कथा, अनेक श्रोते

वयाप्रमाणे प्रतिसाद कसा बदलतो हे पाहण्यासाठी सर्वांना ठाऊक असलेली एकच कथा घेणे सोयीचे होईल. राक्षसाचा किंवा जादूगाराचा जीव पोपटात असतो, ही कल्पना मराठीत इतकी रुळली आहे की ती म्हणीसारखी वापरली जाते. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने आपल्या आयेकडून, ॲना लिबराता डिसूझा हिच्याकडून, ऐकलेल्या गोष्टी १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाने प्रसिद्ध केल्या. त्यांतील 'पंचकिन' ही कथा याच जातीची आहे. जादूगाराने राजकन्येला कोंडून ठेवले आहे आणि तिच्या पतीला व दिरांना दगड बनविले आहे. तिचा मुलगा मोठा होऊन तिला शोधत येतो. जादूगाराच्या जिवाचे गुपित राजकन्या गोड बोलून काढून घेते. तो जीव दूरच्या अरण्यात, एकावर एक रचलेल्या पाण्याच्या सहा घड्यांखाली, पिंजऱ्यातील हिरव्या पोपटात असतो. मुलगा पोपट हस्तगत करतो, दगड झालेल्यांना पुन्हा माणसे करावयास लावतो आणि मग पोपटाचा एकेक अवयव तोडतो. तसतसा जादूगाराचा तोच अवयव गळून पडतो.

तीन ते सहा वर्षे. या वयाच्या मुलाला सूड किंवा कपट यांचे आकलन फारसे होत नाही. त्याचा आनंद सहा घड्यांत असतो. पहिला घडा उतरला, दुसरा उतरला, तिसरा उतरला, हा ठेका त्याला हवा असतो. उद्या तीच गोष्ट पुन्हा हवी असते आणि सांगणाऱ्याने पाचच घडे उतरविले तर ते मूल तत्काळ चूक दाखविते. मोठ्यांना या पुनरावृत्तीचा कंटाळा येतो. परंतु ती व्यर्थ नसते. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निरनिराळ्या गोष्टी ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांपेक्षा तीच गोष्ट पुन:पुन्हा ऐकणाऱ्या मुलांनी नवे शब्द अधिक चांगले आत्मसात केले, असे आढळून आले.

या वयाची मुले खरे आणि खोटे यांत गल्लत करतात असे पूर्वी सरसकट मानले जाई. ते तितकेसे बरोबर नाही. पॉल हॅरिस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना पेट्या उघडून रिकाम्या असल्याचे दाखविण्यात आले आणि एका पेटीत एखादा प्राणी आहे अशी नुसती कल्पना करावयास सांगितले. काहींनी सशाची कल्पना केली, काहींनी भयंकर राक्षसाची. विचारल्यावर मुले बिनचूक सांगत की पेटीत खरोखर काही नाही. परंतु प्रयोग करणारी व्यक्ती खोलीबाहेर जाऊ लागली, तेव्हा राक्षसाची कल्पना केलेल्यांपैकी काही मुले तिला जाऊ देईनात. यावरून असे दिसते की, लहान मुलाला फरक कळतो. मात्र मोठे माणूस जवळ नसले की त्या ज्ञानावरचा त्याचा भरवसा डळमळतो. म्हणूनच या वयात गोष्ट पुस्तकापेक्षा माणसाच्या तोंडून, शक्य तर जवळ बसवून, सांगितलेली बरी. अक्राळविक्राळ चित्रांची पुस्तके या वयात एकट्या मुलाच्या हाती देऊ नयेत.

सात ते नऊ वर्षे. पहिली ते चौथीच्या या मुलांचे लक्ष न्यायाकडे असते. जादूगार मेला काय, दगड झालेली माणसे सुटली काय, हे त्यांना निश्चितपणे कळावे लागते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक निर्णयांवरील आपला ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. लहान मुले अपराधाचे माप हेतूवरून न काढता घडलेल्या नुकसानीवरून काढतात आणि वाईट कृत्याला शिक्षा आपोआप मिळते असे मानतात, हे त्यांनी दाखविले. वयाप्रमाणे हळूहळू हेतूचा विचार पुढे येतो. राक्षसाला मिळालेली कठोर शिक्षा मोठ्यांना क्रूर वाटते. या वयाच्या मुलाला मात्र जगाची घडी नीट बसल्याचे समाधान मिळते. शेवट दु:खाचा किंवा अधांतरी असलेली कथा त्याला अपुरी वाटते. भोपळ्यात बसून लेकीकडे जाणारी म्हातारी, बुद्धीने वाघाला चकविणारे दुबळे प्राणी आणि गरिबाच्या मदतीला येणारी परी या कथा या वयाच्या आहेत. विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश' यासारख्या कवितांतील उलटेसुलटे जगही याच वयात खुलते. जग कसे असते हे नुकतेच उमगले असल्यामुळे ते उलटे झाले की मुलाला हसू येते.

दहा ते बारा वर्षे. पाचवी ते सातवीचा वाचक कथेला प्रश्न विचारू लागतो. पोपट म्हातारा होऊन मेला असता तर जादूगाराचे काय झाले असते? त्याने जीव दगडात का ठेवला नाही? हे प्रश्न म्हणजे अश्रद्धा नव्हे किंवा उद्धटपणाही नव्हे. जादू असली तरी तिला नियम हवेत आणि ते शेवटपर्यंत पाळले गेले पाहिजेत, अशी त्याची मागणी असते. तर्कशक्तीची ही पहिली पालवी होय. वेताळाच्या कथा या वयाला विशेष मानवतात, कारण तेथे प्रत्येक कथेच्या शेवटी राजाला पेच पडतो आणि उत्तर देण्यापूर्वी वाचकालाही थांबावे लागते. दीर्घ कथा, नकाशे, प्रवास आणि मालिका यांची गोडी याच वयात लागते. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्या या वाचकासाठी होत. लुइस कॅरल यांची १८६५ मधील 'ॲलिस' देवदत्त नारायण टिळक यांनी 'जाईची नवलकहाणी' या नावाने मराठी केली. तिच्यातील तर्कटांची गंमत आठव्या वर्षापेक्षा अकराव्या वर्षी अधिक कळते.

तेरा वर्षे व पुढे. आठवी ते दहावीतील मुलांना पऱ्यांच्या गोष्टी वाचताना संकोच वाटतो. लहानपण टाकून देण्याचे ते वय असते. परंतु अद्भुताची ओढ ओसरलेली नसते. तिचे रूप बदललेले असते. पोपटाच्या कथेत आता निराळेच प्रश्न दिसू लागतात. पोपटाचा अपराध काय होता? राजकन्येने विश्वास संपादन करून गुपित काढले, ते योग्य होते काय? ज्याने मृत्यूच्या भीतीने आपला जीव दुसरीकडे लपविला, तो स्वत: आतून रिकामा झाला नाही काय? जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतील खलपुरुष आपल्या आत्म्याचे तुकडे निरनिराळ्या वस्तूंत लपवून ठेवतो. मराठवाड्यातील आजीची पोपटाची गोष्ट ऐकलेल्या मुलाला ही कल्पना नवी वाटणार नाही. १९९७ ते २००७ या काळात निघालेल्या त्या मालिकेच्या सात भागांत नायक अकरा वर्षांपासून सतरा वर्षांपर्यंत वाढत जातो आणि प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा गंभीर होत जातो. वाचकाच्या वयाबरोबर कथेचेही वय वाढविण्याचे हे उदाहरण होय. आपल्याकडे 'समशेर आणि भूतबंगला' यासारखी कादंबरी, तसेच जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथा, या वयाला जवळच्या वाटतात. विज्ञानकथेत जादूची जागा शास्त्रीय शक्यतेने घेतलेली असल्यामुळे संकोचाचे कारण उरत नाही.

दुर्दैवाने याच वयात वाचन तुटते. दहावी-बारावीच्या निकालासाठी राज्यभर नाव झालेल्या लातूरमध्ये आणि शिकवणी वर्गांचे केंद्र बनलेल्या नांदेडमध्ये परीक्षेबाहेरचे पुस्तक म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी पालकांची धारणा होणे साहजिक आहे. परंतु न सांगितलेले ताडणे, दोन बाजू तोलणे आणि दुसऱ्याच्या जागी स्वत:ला ठेवून पाहणे या शक्ती केवळ प्रश्नसंचांतून वाढत नाहीत. आठवड्यातील एक तास कथेसाठी राखून ठेवल्याने निकाल खालावेल असे मानण्यास कारण नाही.

मोठ्या माणसांचे काय? इंग्रज लेखक टॉल्किन यांनी १९३९ मध्ये दिलेल्या परीकथेवरील व्याख्यानात असे प्रतिपादन केले की परीकथेचा आणि बालपणाचा संबंध अपरिहार्य नाही; मोठ्यांच्या घरातून निरुपयोगी ठरलेले सामान मुलांच्या खोलीत जावे, तशी ती कथा मुलांकडे गेली. कीर्तन, भारूड आणि कहाण्या यांत रमणाऱ्या मराठवाड्यातील प्रौढांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. स्वत:चा जीव शेतात, घरात किंवा मुलाबाळांत ठेवून जगणाऱ्या माणसाला पोपटाची गोष्ट सर्वांत अधिक कळते.

वय एक, वाचनशक्ती दुसरी

वरील वयोगट ही कुंपणे नव्हेत. एखादी आठ वर्षांची मुलगी अकराव्या वर्षाचे प्रश्न विचारते, तर एखाद्या मुलाला बाराव्या वर्षीही चिऊ-काऊचीच गोष्ट आवडते. शिवाय मनाचे वय आणि अक्षरवाचनाचे वय नेहमी जुळतेच असे नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हा प्रश्न अधिक जाणवतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत अनेक घरांत तेलुगू बोलली जाते. उदगीर, देवणी, निलंगा या पट्ट्यात कन्नड कानांवर पडते. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात गोंडी आणि कोलामी आहे. तांड्यांवर बंजारा बोली आहे. शहरांतून आणि कसब्यांतून दखनी उर्दू आहे. यांपैकी पुष्कळ मुलांना पुस्तकातील मराठी ही शाळेत आल्यावर भेटलेली भाषा असते.

अशा परिस्थितीत पाचवीतील एखादे मूल दुसरीच्या पातळीचा मजकूरच वाचू शकते. त्याला चिऊ-काऊचे पुस्तक दिले तर वर्गात त्याचा अपमान होतो. त्याच्या वयाची कादंबरी दिली तर अक्षरेच आडवी येतात. दोन्ही वेळा दोष पुस्तकनिवडीचा असतो, मुलाचा नव्हे. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे, कथा मुलाच्या वयाची परंतु वाक्ये लहान व चित्रे भरपूर, अशी पुस्तके निवडणे. दुसरा आणि अधिक खात्रीचा उपाय म्हणजे शिक्षकाने वयाला साजेशी मोठी कथा रोज थोडी थोडी वर्गात वाचून दाखविणे. कान हे डोळ्यांच्या पुढे असतात. ऐकून समजलेली कथा नंतर स्वत: वाचताना शब्द ओळखीचे होतात. त्याचप्रमाणे, मुलांनी घरच्या बोलीतील गोष्टी वर्गात सांगाव्यात आणि शिक्षकाने त्या मराठीत लिहून फळ्यावर द्याव्यात. तांड्यावरील आजीची गोष्ट अशा रीतीने शाळेचा पहिला वाचनपाठ होऊ शकते.

गोष्ट आणि भानामती

आता मूळ शंकेकडे वळता येईल. अंगावरचे कपडे पेटणे, घरावर दगड पडणे, स्त्रियांनी जनावरांसारखे आवाज काढणे यांसारख्या प्रकारांना भानामती म्हणण्याची रीत मराठवाड्यात आहे. यांमागे खोडसाळपणा, मानसिक ताण किंवा आजार असू शकतो, हे समजून न घेता एखाद्या शेजाऱ्यावर किंवा एकट्या स्त्रीवर आळ घेतला जातो. ही अद्भुतकथा नव्हे. दोहोंतील फरक मुलांनाही समजावून सांगता येण्याजोगा आहे.

अद्भुतकथा आटपाट नगरात, साता समुद्रांपलीकडे घडते. ती आरंभीच अंतर राखून उभी राहते. भानामतीची वदंता मात्र आपल्याच गावातील, नाव घेऊन सांगितलेल्या माणसाविषयी असते. अद्भुतकथेतील जादूला नियम आणि शेवट असतो. एखादा मुलगा धैर्याने व चातुर्याने तिच्यावर मात करतो. अंधश्रद्धेतील जादूला शेवट नसतो. तिच्यावरचा उतारा भोंदूच्या हाती असतो आणि त्याचे मोल द्यावे लागते. अद्भुतकथा प्रश्नाला वाव देते. अंधश्रद्धा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसविते. म्हणून मुलांना गोष्टी नाकारल्याने अंधश्रद्धा जाणार नाही. ज्याने कधी कल्पित कथा ओळखली नाही, त्याला रचलेली वदंताही ओळखता येणार नाही.

तथापि येथे सावधगिरी आवश्यक आहे. गावाबाहेर एकटी राहणारी कुरूप म्हातारी म्हणजे चेटकीण, हे चित्र जुन्या गोष्टींत वारंवार येते. सहा-सात वर्षांचे मूल ते चित्र आपल्या गल्लीतील एखाद्या निराधार वृद्धेला लावू शकते. अशा वेळी भीतीपेक्षा हसू आणणारी कथा निवडावी. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातील चिंची चेटकीण मुलांना घाबरविते त्यापेक्षा अधिक हसविते, आणि ज्याला आपण हसतो त्याचे भय उरत नाही. गावच्या विहिरीवरील किंवा वाड्यातील भुताची "खरी घडलेली" गोष्ट मात्र शाळेत सांगू नये. मुलांना गप्प बसविण्यासाठी तर मुळीच सांगू नये.

तिसरीच्या पुढील वर्गांत गोष्ट संपल्यावर तीन साधे प्रश्न विचारता येतात. हे कोठे घडले? कोणी पाहिले? असे खरोखर घडेल काय, आणि नसेल तर का नाही? गोष्ट चालू असताना हे विचारू नये. रंगात आलेली कथा तोडणे मुलांना आवडत नाही. हेच प्रश्न पुढे गावात उठलेल्या वदंतेविषयी विचारण्याचे धैर्य त्यातून येते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी दीर्घकाळ प्रयत्न केला, तो जादूटोणाविरोधी अधिनियम महाराष्ट्राने २०१३ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर, केला. एखाद्यावर जादूटोण्याचा आळ घेऊन त्याचा छळ करणे हा त्याखाली गुन्हा आहे. कायद्याचे काम गुन्हा घडल्यावर सुरू होते. प्रश्न विचारण्याची सवय त्याआधी, वर्गातच लागावी लागते.

कपाटाची किल्ली

या कामी नवी योजना हवीच असे नाही. उपलब्ध तरतुदींचा उपयोग करून घेतला पाहिजे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. गोष्टीचे पुस्तक ही शाळेची मेहेरबानी नसून मुलाचा हक्क आहे. शाळा व्यवस्थापन समितीने याची नोंद घेऊन वर्षातून एकदा तरी पुस्तकांची प्रत्यक्ष पाहणी करावी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेली ग्रंथालये अनेक गावांत आहेत. त्यांच्या बालविभागाची आणि शाळेची सांगड घालणे ग्रामपंचायतीला अवघड नाही.

पुस्तकांची मांडणी वयोगटांप्रमाणे करावी; मात्र कप्प्यांवर इयत्ता लिहू नये. इयत्ता लिहिली की वाचनात मागे पडलेले मूल खालच्या कप्प्याकडे जाण्यास लाजते. रंगीत पट्ट्या लावल्यास खूण राहते आणि संकोच टळतो. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ पासूनच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील गोष्टी वाचनपातळीप्रमाणे चार स्तरांत लावलेल्या आहेत. ज्या शाळेत छापील पुस्तके तोकडी आहेत, तेथे त्यांतील निवडक गोष्टी कागदावर छापून घेता येतील. नेहरू बाल पुस्तकालय या मालेतील नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तके अल्प किमतीची असतात.

शिक्षकाने वाचून झालेल्या गोष्टीचे तात्पर्य प्रत्येक वेळी विचारू नये. तात्पर्याच्या धाकाने गोष्ट पाठाचे रूप घेते. त्याऐवजी मुलाने कोणता प्रश्न विचारला, हे एका वहीत टिपून ठेवावे. वर्षभरात हे प्रश्न कसे बदलत गेले ते पाहिले, म्हणजे त्या मुलाला पुढचे पुस्तक कोणते द्यावे हे कळण्यास दुसऱ्या चाचणीची फारशी गरज राहत नाही. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन ही अशा नोंदीस आरंभ करण्याची चांगली संधी आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कपाटाच्या किल्लीची होय. पुस्तके फाटतील, हरवतील या भीतीने कपाट बंद ठेवले, तर पुस्तके नवी राहतात आणि मुले कोरी राहतात. शाळेची पुस्तके वापरून झिजली, तर तो खर्च सत्कारणी लागला असे समजावे. गुणाढ्याच्या कथेचे सहा लाख श्लोक श्रोत्यांची कदर उशिरा झाल्यामुळे जळाले. गावोगावच्या कपाटांतील गोष्टींवर तशी वेळ न येऊ देणे हे शिक्षकांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि पंचायत सदस्यांच्या हाती आहे.